हुकूमशहाचा चेहरा आणि हुकमाची भाषा : सूरजागडच्या निमित्ताने

(१)

हुकूमशहा सत्तेवर कसा येतो आणि समाजाला आपल्या साच्यात कसा घडवतो, या प्रश्नाची मराठीत चर्चा निघाली की थोड्याच वेळात ती एका माणसाची चर्चा होऊन बसते. त्याचे बालपण, त्याला सोसावा लागलेला अपमान, त्याचे वक्तृत्व, त्याच्याभोवतीची गर्दी आणि अखेरीस त्याचा अंत. आपण हुकूमशाहीचा विचार करीत आहोत असे आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात आपण एक चरित्र वाचीत असतो. नायकाच्या जागी खलनायक आला, एवढाच काय तो फरक. चरित्राचा हा घाट हाच या विषयातील आपल्या समीक्षेचा मुख्य अडथळा आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. हुकूमशाही आधी भाषाव्यवहारात येते. चेहरा तिला मागाहून मिळतो आणि कधीकधी मिळतही नाही. तो न मिळालेले एक ठिकाण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागड हे ते ठिकाण.

मुद्दा शब्दापासूनच सुरू करू. 'हुकूमशहा' या शब्दात हुकूम आणि शहा असे दोन घटक आहेत आणि आपले सारे लक्ष दुसऱ्याकडे जाते. ज्या रोमन शब्दाला प्रतिशब्द म्हणून आपण तो वापरतो, त्या 'डिक्टेटर'मध्ये मात्र राजा कोठेच नाही. त्यातील मूळ क्रियापदाचा अर्थ आहे पुनःपुन्हा सांगणे, सांगून लिहवून घेणे. शाळेत मास्तर शुद्धलेखन घालतात, तीच ही क्रिया. रोममध्ये हे पद कायदेशीर होते. संकटकाळी, फार तर सहा महिन्यांसाठी, रीतसर नेमणूक करून ते दिले जाई. सुल्ला आणि सीझर यांनी त्याची मुदत मोडली, पद मात्र त्यांनी निर्माण केलेले नव्हते. तेव्हा हुकूमशाहीची व्याख्या करायची तर ती अशी करावी लागेल : एकाने सांगायचे, इतरांनी लिहायचे आणि लिहिलेल्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला नसायचा. या व्याख्येत सांगणारा इतकाच लिहिणाराही महत्त्वाचा ठरतो. लिहिणाऱ्यांचा वर्ग म्हणजे आपणच असल्यामुळे ही व्याख्या आपल्याला फारशी रुचत नसावी.

(२)

मराठी वाङ्मयाला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी रंगभूमीवर आले. त्यात कनोजचा एक ब्राह्मण पुण्यात चोर ठरतो, अपमानित होतो, सूडासाठी पोटची मुलगी देऊन कोतवाली मिळवतो आणि शहराचा छळ मांडतो. चरित्राच्या घाटाने वाचले तर ही एका हुकूमशहाच्या उदयाची आणि अस्ताची कथा आहे. पण तेंडुलकरांच्या संहितेत कोतवालीचा हुकूम आणि देहान्ताचा हुकूम दोन्ही नानाच्याच हातून निघतात. घाशीराम हा दोन हुकमांच्या मधला मजकूर आहे. त्याच्या पुण्यात साध्यासाध्या गोष्टींना परवाना लागू लागतो. जे ब्राह्मण रात्री बावनखणीत जातात आणि घरी कीर्तनाचे निमित्त सांगतात, त्यांच्याच देहांची भिंत रंगमंचावर उभी असते. तीच झाकते आणि तीच दाखवते. हुकूमशाहीत समाज कोठे उभा असतो याचे याहून नेमके दृश्यरूप मराठीत क्वचितच सापडेल.

आपल्या समीक्षेने या नाटकाचे काय केले? ऐतिहासिक नाना असा होता की नव्हता यावर वाद घातला. ब्राह्मण समाजाची बदनामी झाली की नाही यावर वाद घातला. दशावतार, खेळे, कीर्तन यांपैकी कोणत्या लोकरूपाचा वापर किती झाला याची मोजदाद केली. हे वाद निरर्थक होते असे नाही. परंतु परवान्याविषयी, हुकमाच्या कागदाविषयी त्या मानाने फार थोडे बोलले गेले. १९८३ साली विलास सारंगांची 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी आली. इराकमधील बसऱ्यात, एका हुकूमशाही राजवटीत राहणाऱ्या भारतीय प्राध्यापकाचा अनुभव तीत आहे. तिचे वाचन प्रामुख्याने परात्मतेची, अस्तित्ववादी जाणिवेची कादंबरी म्हणून झाले. राजवट पार्श्वभूमीला ढकलली गेली आणि माणसाचा एकाकीपणा तेवढा पुढे आला. दोन्ही वेळी समीक्षेने सत्तेच्या संहितेकडे पाठ फिरवून व्यक्तीचा चेहरा न्याहाळला.

(३)

आणीबाणीच्या बाबतीतही आपली स्मृती याच घाटाची आहे. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. ही उद्घोषणा घटनेच्या ३५२ व्या अनुच्छेदाखाली झाली. रोममधील पदाप्रमाणेच येथेही अपवादाची तरतूद मुळात कायद्यातच लिहिलेली होती. 'अंतर्गत अशांतता' हे दोन शब्द तीत आधीपासून होते. कोणीतरी ते उच्चारायचे तेवढे बाकी होते.

पुढचे काम भाषेने केले. विनोबा तेव्हा पवनारला वर्षभराच्या मौनात होते. त्यांच्या नावावर 'अनुशासन पर्व' हा शब्द देशभर गेला, भिंतींवर चढला. महाभारतातील एका पर्वाचे हे नाव. युद्धानंतर शरशय्येवरील भीष्माने युधिष्ठिराला केलेल्या उपदेशाचे ते पर्व आहे. डिसेंबर १९७५ मध्ये मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की शासन सत्ताधाऱ्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे. खुलासा स्पष्ट होता, पण तोवर शब्द त्यांच्या हातून गेलेला होता. ज्याने शब्द दिला त्यालाही तो दुरुस्त करता येऊ नये, ही हुकूमशाहीची खूण आहे. जर्मनीत व्हिक्टर क्लेम्पेरर या फ्रेंच वाङ्मयाच्या प्राध्यापकाने नाझी राजवटीतील रोजच्या शब्दांची टिपणे ठेवली आणि १९४७ साली त्यांचा ग्रंथ केला. आणीबाणीतील मराठीचे असे टिपण ठेवणे आपल्या समीक्षेने आपले काम मानले नाही.

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने निर्णय दिला की स्थानबद्धाला बंदीप्रत्यक्षीकरणासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी वेगळा कौल दिला होता. बहुमतातील चौघांत न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते, विद्वान आणि मराठी. मतभेद नोंदवणारे न्या. हंसराज खन्ना एकटे होते. ही न्यायमूर्तींची निंदा नव्हे. सांगितलेले लिहून घेण्यासाठी विद्वत्ता आड येत नाही, उलट ती उपयोगी पडते, एवढेच येथे लक्षात घ्यायचे आहे.

आणि कराड. डिसेंबर १९७५ मधील साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली, आणि पुढच्या वर्षी त्या तुरुंगात गेल्या. या घटनेचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. पण गेली पन्नास वर्षे मराठी साहित्यव्यवहार कराडचा उपयोग स्वतःला दिलेल्या प्रशस्तिपत्रासारखा करीत आला आहे. एका बाजूला एक हुकूमशहा, दुसऱ्या बाजूला एक निर्भय विदुषी आणि मध्ये आपण सारे टाळ्या वाजवणारे. एकवीस महिन्यांनी पडदा पडला आणि आपण घरी गेलो. दुर्गाबाई तरुणपणी मध्य प्रांतातील गोंडांच्या अभ्यासासाठी रानोमाळ हिंडल्या होत्या, त्यात त्यांनी प्रकृती गमावली, हे त्यांच्या चरित्रातील तपशील म्हणून आपण सांगतो. त्या रानात आणीबाणी कधी सुरू झाली आणि कधी संपली हा प्रश्न आपण विचारीत नाही.

(४)

आता त्या रानाकडे येऊ. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. एटापल्लीचा हा मुलूख पूर्वी अहेरीच्या जमीनदारीत होता. १८५८ साली मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याला फाशी देण्यात आली. वसाहतीच्या दप्तरात ते बंडखोर होते, आज त्यांच्या नावाचे टपाल तिकीट आहे. ज्या जंगलासाठी ते लढले त्यावर मात्र १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी 'राखीव' हा शब्द लिहिला आणि तो शब्द स्वातंत्र्यानंतरही पुसला गेला नाही. कोणासाठी राखीव, हे त्या शब्दात सांगितलेले नसते.

सूरजागडचा डोंगर तेथील माडिया गोंडांच्या दृष्टीने ठाकूरदेवाचा आहे. दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेथे यात्रा भरते आणि सूरजागड इलाक्यातील गावे जमतात. 'इलाका' हा शब्द येथे नकाशातील क्षेत्रफळ दाखवीत नाही. गावांचे परस्परांशी असलेले नाते, पंचायत, देव आणि जंगल यांचा तो एकत्रित निर्देश आहे. हाच डोंगर सरकारी कागदात लोहखनिजाचा साठा आहे. २००७ साली लॉइड्स मेटल्स या कंपनीला ३४८.०९ हेक्टरांचा खाणपट्टा देण्यात आला. २०१६ मध्ये उत्खनन सुरू झाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथील वाहने जाळली. मध्यंतरी थांबलेले काम २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. वर्षाला तीस लाख टनांची उत्खननक्षमता २०२३ मध्ये एक कोटी टनांवर नेण्यात आली. या वाढीसाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, ती गडचिरोलीत, जिल्ह्याच्या मुख्यालयी. खाणीच्या पायथ्याची गावे तेथून शंभराहून अधिक किलोमीटरांवर आहेत.

'जनसुनावणी' या सामासिक शब्दाचा विग्रह समीक्षेच्या विद्यार्थ्याने करून पाहावा. जनांची सुनावणी, जनांकडून सुनावणी की जनांना सुनावणे? बोलणाऱ्याची भाषा माडिया, ऐकणाऱ्याची मराठी, अहवालाची मराठी आणि इंग्रजी. बोलणे आणि लिहिणे यांच्यामधला हा प्रवास कोण करतो, त्यात काय गळते आणि गळालेले परत मागण्याची सोय बोलणाऱ्याला आहे काय? २०२३ च्या मार्चपासून तोडगट्टा येथे खाणींच्या विरोधात गावकरी महिनोन्‌महिने बसले. नोव्हेंबरात ते आंदोलन संपुष्टात आणण्यात आले.

वरील परिच्छेदांतील क्रियापदे वाचकाने पुन्हा पाहावीत. देण्यात आला, नेण्यात आली, आणण्यात आले. मीही नकळत तीच भाषा लिहून गेलो, कारण ज्या कागदांतून ही माहिती येते त्यांची भाषाच ती आहे. इंग्रजी कर्मणीच्या वळणावर घडलेल्या या रचनेत कर्ता लुप्त होतो, आणि लोपाची कोणाला जाणीवही होत नाही. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, पदनाम कोश १९६२ साली आला, राजभाषा अधिनियम १९६४ चा. मराठी राज्याची भाषा झाली याचा आनंद रास्तच होता. पण राज्याची भाषा होताना तिने कोणते व्याकरण पत्करले, याची चिकित्सा आपण 'बोजड संस्कृत शब्द' एवढ्यावर आटोपली. बोजडपणा हा किरकोळ दोष आहे. 'ठरविण्यात आले आहे' यातील एकही शब्द अवघड नाही आणि तरीही त्यातून कोणी ठरवले हे जन्मात कळणार नाही. हॅना आरेन्टने नोकरशाहीला 'कोणाचेच नसलेले राज्य' म्हटले, ते येथे व्याकरणात साकार झाले आहे. सूरजागडच्या हुकूमशहाला चेहरा नाही, कारण त्याच्या वाक्याला कर्ता नाही.

(५)

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. येथे निवडणुका होतात, न्यायालये आहेत, १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा आहे. कोनसरीत लोखंडाचा कारखाना उभा राहिला, काही आदिवासी तरुणांना खाणीत आणि कारखान्यात काम मिळाले. याला हुकूमशाही म्हणणे म्हणजे शब्दाचे अवमूल्यन नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. खाण असावी की नसावी याचा निकाल समीक्षेने देऊ नये, हेही मान्य. म्हणूनच आरंभी दिलेली कसोटी लावून पाहावी : ज्याच्याविषयी लिहिले गेले, त्याला लिहिलेले दुरुस्त करता येते का?

याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' अशी घोषणा केली, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत बसवली, त्यासाठी अभ्यासगट चालवला आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तेथे गावाने स्वतःचे वाक्य स्वतः लिहिले आणि राज्याला ते नोंदवून घ्यावे लागले. म्हणजे हे शक्य आहे. शक्य असूनही सूरजागडात ते घडत नाही, तेव्हा कायद्यांची यादी वाचून दाखवणे हे उत्तर होत नाही. न्यायालयांचेही तसेच. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये जन्मठेप दिलेले प्रा. साईबाबा मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयात निर्दोष ठरले. त्याच खटल्यात शिक्षा झालेला एटापल्ली तालुक्यातील एक तरुण आदिवासी त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, बंदिवासात मरण पावला होता. दुरुस्ती झाली, पण ती वाचायला तो उरला नाही.

आणखी एका हुकमाविषयी बोलणे भाग आहे, कारण आपल्यातील पुष्कळजण तेथे गप्प होतात. १९८० च्या सुमारास आंध्रातून या जंगलात दलमे आली. तेंदूपत्त्याच्या मजुरीसाठी, वनकर्मचाऱ्यांच्या जाचाविरुद्ध त्यांनी लढे दिले, हे खरे. पण 'श्रमिकांची हुकूमशाही' ही संज्ञा ज्या विचारप्रणालीत आदर्श म्हणून येते, तिने माडिया समाजाच्या पंचायतीवर जनअदालत बसवली, आणि 'खबऱ्या' हा शब्द ज्याच्या नावापुढे लिहिला गेला त्याला तो खोडण्याची संधी दिली नाही. मृतदेहाजवळ सापडणारे पत्रक आणि कार्यालयातून निघणारे परिपत्रक यांच्या विचारांत जमीनअस्मानाचे अंतर असेल. ज्याच्याविषयी ते लिहिले गेले त्याच्या दृष्टीने दोन्ही शुद्धलेखनेच आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. एक सांगणारा कमी झाला, असे फार तर म्हणता येईल. लिहून घेण्याची रीत तेवढ्याने बदलत नाही.

(६)

या सगळ्यात मराठी कोठे आहे? आपला देशीवाद गेली कित्येक दशके इंग्रजीच्या वर्चस्वाविषयी बोलत आला. त्यातले पुष्कळ पटण्यासारखे आहे. पण एटापल्लीत मराठी ही इंग्रजीच्या जागी आहे. तेथे नोटीस मराठीत येते, शाळा मराठीत भरते, जबाब मराठीत लिहिला जातो आणि त्याखाली अंगठा माडियाचा उमटतो. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासकीय मान्यता नसल्याने ती अनधिकृत ठरविण्यात आली आणि ग्रामसभेला न्यायालयात जावे लागले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मातृभाषेच्या प्रतिष्ठेवर जी भाषणे झाली, त्यांतले एखादे मोहगावात जाऊन करण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करील काय? ज्या देशीवादाला आपल्या भाषेच्या पायाखाली कोणती भाषा आहे हे दिसत नाही, तो देशीवाद म्हणजे धाकट्या हुकूमशहाची थोरल्याविरुद्ध केलेली तक्रार होय.

आदिवासी कवींनी हे केव्हाच ओळखले होते. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या १९८७ च्या संग्रहातील 'स्टेज' ही कविता आपण अभ्यासक्रमात लावली, तिच्यावर परीक्षेत प्रश्नही काढले. कवितेचा विषय आहे व्यासपीठावर कोण बसते आणि कोणाचे दुःख कोण सांगते. ती शिकवताना आपण व्यासपीठावरच बसून होतो. भुजंग मेश्राम यांच्या कवितेतील आदिवासी बोलींचे शब्द आपण तळटीप देऊन मराठीत सामावून घेतले आणि त्याला समृद्धी म्हटले. तळटीप ही देखील एक सुनावणी असते, आणि तीही बोलणाऱ्याच्या गावापासून दूर भरते.

समीक्षेने काय करावे, असे विचारले जाईल. तिने मोर्चे काढावेत असे माझे म्हणणे नाही. तिने आपले काम करावे. कादंबरीच्या निवेदकाला आपण विचारतो की तू कोण, तुला हे कसे ठाऊक, तू कोणाला बोलू दिले नाहीस. हेच प्रश्न खाणपट्ट्याच्या आदेशाला, जनसुनावणीच्या इतिवृत्ताला, दलमच्या पत्रकाला, ग्रामसभेच्या ठरावाला विचारावेत. या संहिता उपलब्ध आहेत, मराठीत आहेत, आणि त्यांच्या एकेका वाक्यावर गावे उठतात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या आणि इतरही विद्यापीठांच्या मराठी विभागांत एका सत्रात एक इतिवृत्त, माडिया जाणणाऱ्या विद्यार्थ्याला शेजारी बसवून, ओळीओळीने वाचले गेले तर संहिताचिकित्सा या विषयाला काही अर्थ येईल. तो विद्यार्थी 'मी असे म्हणालो नव्हतो' असे एखाद्या ओळीपाशी म्हणाला, तर ते वाक्य फळ्यावर लिहून घ्यावे. पुढचा हुकूमशहा कोणता चेहरा घेऊन येईल हे आपल्याला आधी कळणार नाही. त्याचा मजकूर मात्र आपल्याच हस्ताक्षरात असेल, आणि तो ओळखायला आपण आजपासून शिकू शकतो.